विचारा बिनधास्त: पक्ष्यांच्या विष्ठेत फ्लू शोधणारा माणूस

मागच्या अंकात सर्दी आणि फ्लू यातला फरक सांगताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की माणसांमधल्या फ्लूच्या मोठमोठ्या साथींची मुळं रानटी बदकांच्या पोटात सापडतात आणि हे शोधण्यात रॉबर्ट वेबस्टर नावाच्या न्यूझीलंडच्या मायक्रोबायोलॉजिस्टचा फार मोठा हात आहे. एवढंच. त्यावर इतके मेल आणि पत्रं आली की सर्दीचे प्रश्न बाजूला ठेवून हा अख्खा महिना बर्ड फ्लूलाच दिलाय. काही पत्रांत राग आहे, खास करून पोल्ट्रीवाल्यांच्या, आणि तो राग मला पटतो, खाली त्यावर सविस्तर लिहिलंय. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढलीत, गावं तशीच ठेवलीत.

पोटात फ्लू? फ्लू तर नाकाघशाचा ना? हे असलं काही शोधावं असं कुणाच्या डोक्यात आलं तरी कसं? (बीएस्सी मायक्रोची विद्यार्थिनी, सांगली)

किनाऱ्यावर फिरायला गेला होता, तिथे आलं. खरंच. वेबस्टरचा जन्म १९३२ चा, ओटागो विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी शिकला, मग पीएचडीला ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला. तिथे ग्रॅम लेव्हर नावाचा बायोकेमिस्ट त्याचा दोस्त झाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी हे दोघं न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर चालत होते आणि दर दहापंधरा पावलांवर एक मेलेला पक्षी पडलेला. शिअरवॉटर म्हणून समुद्रपक्षी असतो, तिकडे त्याला मटनबर्ड म्हणतात. हजारो किलोमीटर उडून दमून येतात, वादळात सापडतात, मरतात, त्यामुळे कुणीही दुसरा असता तर चुकचुकून पुढे गेला असता. पण वेबस्टरला १९६१ ची दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट माहीत होती, तिथे टर्न म्हणजे सुरय पक्षी मोठ्या संख्येने मेले होते आणि त्यांच्यात फ्लूचा विषाणू सापडला होता. मग हे पण फ्लूनेच मेले असतील का, असा प्रश्न पडला.

ते पक्षी कशाने मेले हे बाजूला राहिलं, प्रश्न मात्र कामाचा निघाला. दोघं ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर गेले (फिल्डवर्कसाठी अशी जागा मिळाली तर नाही कोण म्हणेल), जिथे हे पक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात. पक्षी धरायचे, रक्त घ्यायचं, घशातून स्वॅब फिरवायचा, परत सोडायचं. काही पक्ष्यांच्या रक्तात १९५७ च्या आशियाई फ्लूच्या एका प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे माणसांमध्ये जगभर धुमाकूळ घातलेल्या साथीची खूण माणूस जिथे औषधालाही राहत नाही अशा बेटावरच्या पक्ष्यात. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका शिअरवॉटरमधून अख्खा विषाणूच मिळाला. आणि पक्षी ठणठणीत.

तोपर्यंत सगळे घशातच शोधत होते, कारण तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटायचं की फ्लू म्हणजे श्वासाचा आजार. १९६८ पासून वेबस्टर अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये होता, तिथे त्याच्या टीमने बदकांना हे विषाणू देऊन पाहिलं तर विषाणू सगळ्यात जास्त वाढतो तो आतड्यात आणि भरमसाट प्रमाणात बाहेर पडतो विष्ठेतून. बदक तळ्यातच खातं, तळ्यातच घाण करतं, दुसरं बदक तेच पाणी पितं. १९७८ मध्ये त्यांनी छापलं की पाण्यात हा विषाणू २२ अंशाला ४ दिवसांपर्यंत आणि ० अंशाला ३० दिवसांपेक्षा जास्त टिकतो. म्हणजे बदकांमधला फ्लू हा पाण्यातून पसरणारा पोटाचा संसर्ग आहे, आणि बदकाला त्याचं बहुतेक वेळा काहीच वाटत नाही. इतक्या जुन्या ओळखीचा तो विषाणू आहे.

एच५एन१, एच९एन२, एच५एन८... हे नक्की काय मोजतात? बातम्या वाचून डोकं फिरतं. (गृहिणी, कल्याण)

विषाणूच्या अंगावर दोन प्रोटीन असतात. एच वापरून तो पेशीला चिकटतो, एन वापरून नवे विषाणू पेशीपासून सुटे होतात. पाणपक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार मिळतात, त्याच्या जोड्या लावायच्या की झालं नाव. यातले फक्त एच५ आणि एच७ हे दोनच कोंबड्यांसाठी जीवघेणे बनू शकतात, आणि ते पण प्रत्येक वेळी नाही.

खरी गोम दुसरीकडे आहे. या विषाणूचं सामान ८ वेगवेगळ्या तुकड्यांत असतं. एकाच प्राण्याला एकाच वेळी दोन विषाणू लागले तर दोन रंगांचे पत्त्यांचे कॅट एकत्र पिसल्यासारखं होतं आणि तिसराच विषाणू बाहेर येतो. १९५७ च्या साथीच्या विषाणूत ३ तुकडे पक्ष्यांचे होते, १९६८ च्या हाँगकाँग फ्लूत २. बाकीचे आधीच्या माणसांच्या फ्लूचे. पक्षी आणि माणूस यांच्यात असं देणंघेणं होतं हे वेबस्टर आणि लेव्हर सुरुवातीपासून म्हणत होते, तेव्हा बऱ्याच जणांना ते फॅड वाटायचं.

स्वॅब घेतला, ठीक. पण त्या चिमूटभर घाणीतून विषाणू ओळखतात कसा? मुलं विचारतात आणि पुस्तकात एक ओळ असते. (ज्युनियर कॉलेजचे शिक्षक, बारामती)

हा माझा आवडता भाग, तेव्हा जरा हात सोडून लिहितो.

कापसाची काडी पक्ष्याच्या शेपटीखालच्या द्वारात फिरवतात, दुसरी घशात, किंवा किनाऱ्यावर ताजी विष्ठा पडली असेल तर सरळ त्यातच. काडी छोट्या कुपीत, कुपीत मीठपाणी, थोडं प्रोटीन आणि भरपूर अँटिबायोटिक, कारण विष्ठेत जिवाणू एवढे असतात की विषाणूला वाढूच देणार नाहीत. कुपी बर्फात किंवा लिक्विड नायट्रोजनमध्ये. इथे हलगर्जी झाली की पुढचं सगळं पाण्यात.

लॅबमध्ये लागतात कोंबडीची फलित अंडी, १० किंवा ११ दिवस उबवलेली. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या मागे दिवा धरला की आतलं दिसतं, लाल शिरांचं जाळं, मध्ये हलणारा काळा ठिपका म्हणजे पिल्लू, आणि बोथट टोकाला हवेची पिशवी. त्या पिशवीची कड पेन्सिलने आखायची, कडेच्या किंचित वर, जिथे मोठी शीर नाही अशी जागा बघून बारीक भोक पाडायचं, सुईने थेंबभर नमुना आतल्या पाण्याच्या पिशवीत सोडायचा, भोक मेणाने किंवा गोंदाने बंद. मग दोनतीन दिवस ३५ ते ३७ अंशाला इन्क्युबेटरमध्ये. नंतर अंडी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात, त्याने शिरा आखडतात आणि पाणी काढताना रक्त मिसळत नाही. नमुन्यात जीवघेणा एच५ असेल तर इतकं थांबावं पण लागत नाही, पिल्लू दीडदोन दिवसांतच मेलेलं दिसतं.

मग ते पाणी प्लास्टिकच्या प्लेटमधल्या खळग्यांत घालायचं आणि त्यावर कोंबडीच्या लाल पेशींचं पातळ मिश्रण. अर्ध्यापाऊण तासाने बघा. विषाणू नसेल तर लाल पेशी तळाशी जमून टिकलीएवढा लाल ठिपका दिसतो, प्लेट तिरकी केली की तो ठिपका ओघळतो. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींना जखडून ठेवतो, ठिपका बनतच नाही, सगळा खळगा फिकट गुलाबी राहतो आणि प्लेट तिरकी केली तरी काही हलत नाही. महागडं मशीन नाही, काही नाही, डोळ्यांनी दिसतं. मग एकेका एच प्रकाराविरुद्धचं सिरम, म्हणजे त्या प्रकाराच्या अँटिबॉडी असलेलं रक्ताचं पाणी, घालून बघायचं कुठलं सिरम ही पकड सोडवतं, ते सिरम सांगतं की हा एच५ की एच९. आता पीसीआरने काही तासांत उत्तर मिळतं आणि सिक्वेन्सिंगने अख्खी कुंडली, पण जिवंत विषाणू हातात हवा असेल तर आजही अंडंच लागतं. भारतात एच५चा संशय असलेला नमुना भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातो, कॉलेजच्या लॅबमध्ये हे करायचं नसतं, मुलांना एवढं नक्की सांगा.

हा माणूस लॅबवालाच होता की पक्ष्यांमागे पण फिरायचा? आम्ही दर हिवाळ्यात उजनीला बदकं मोजतो, आमच्या कामाचा असल्या संशोधनाला उपयोग होतो का? (पक्षीनिरीक्षक, भिगवण)

फिरायचा, आणि फिरायचा म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअर बे आहे. मे महिन्यात तिथे हॉर्सशू क्रॅब लाखोंनी वाळूत अंडी घालायला येतात आणि दक्षिण अमेरिकेतून आर्क्टिककडे निघालेले किनारी पक्षी नेमके तेव्हाच तिथे उतरून त्या अंड्यांवर ताव मारतात. १९८५ पासून वेबस्टरची टीम दर मेमध्ये तिथे जाऊन वाळूवरची ताजी विष्ठा गोळा करायला लागली, आणि ते काम नंतरच्या लोकांनी चालू ठेवलं. सगळ्यात जास्त विषाणू मिळतो तो टर्नस्टोन या पक्ष्यात, दगड उलटवत किडे शोधणारा बुटका पक्षी, आपल्या कोकण किनाऱ्यावर पण हिवाळ्यात येतो. कॅनडातल्या बदकांमध्ये मात्र विषाणू वाढतो ऑगस्ट-सप्टेंबरात, कारण तेव्हा त्या वर्षीची कोवळी पिल्लं पहिल्यांदाच तळ्यांवर गर्दी करतात आणि त्यांच्यात आधीची प्रतिकारशक्ती नसते.

एकाच जागी चाळीसेक वर्षं तेच ते करत राहणं कंटाळवाणं वाटतं, पैसे देणाऱ्यांना तर फारच. दरवर्षी कुणीतरी विचारतोच की यातून नवीन काय निघालं. पण नेहमीचं काय आहे हेच माहीत नसेल तर वेगळं काही घडलंय हे कळणार कसं? त्या यादीमुळेच आज एखादा विषाणू आला की सांगता येतं, याचे हे तुकडे रानटी पक्ष्यांत आधीपासून होते, हे नवीन आहेत.

तुमच्या मोजणीचा उपयोग थेट आहे. कुठलं बदक, थापट्या की तलवार बदक की चक्रवाक, कधी आलं, कुठल्या तळ्यावर किती थांबलं, हे पक्षीनिरीक्षकच सांगू शकतात, मायक्रोवाला नाही. मेलेला पक्षी दिसला तर मात्र हात लावू नका, फोटो, जागा, तारीख टिपा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एखादं बदक मेलं म्हणून घाबरू नका, एकाच तळ्यावर एकदम बरीच मेली तर लगेच फोन करा.

कोंबड्या मारणं सोडून दुसरं काही सुचत नाही का या लोकांना? (वाचक, ठाणे)

हा मार्ग ठळकपणे जगासमोर आला तो हाँगकाँगमध्ये. मे १९९७ मध्ये तिथे एक तीन वर्षांचा मुलगा वारला. त्याच्या घशातला विषाणू नेहमीच्या कुठल्याच सिरमला जुमानेना, परदेशी लॅबमध्ये पाठवला आणि ऑगस्टमध्ये कळलं की एच५एन१. तोपर्यंत समज असा की थेट कोंबडीचा फ्लू माणसाला मारत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आणखी माणसं आजारी पडली, एकूण १८, त्यातली ६ गेली. वेबस्टर तिथे पोचला, हाँगकाँग विद्यापीठातला केनेडी शॉर्टरिज हा त्याचा जुना सहकारी तिथे होताच, आणि जिवंत कोंबड्यांच्या बाजारात स्वॅब घेतले तर दर पाच कोंबड्यांत जवळपास एकीत विषाणू. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत सरकारने सगळ्या कोंबड्या मारायचा निर्णय घेतला, सुमारे १५ लाख पक्षी. माणसांमधल्या केसेस तिथेच थांबल्या.

आता गंमत बघा, त्या बाजारातल्या बऱ्याच कोंबड्या धडधाकट दिसत होत्या. एच५एन१ने तर कोंबडी दोन दिवसांत मरायला हवी. वेबस्टरच्या लॅबने नंतर दाखवलं की ज्या कोंबड्यांना आधी एच९एन२ होऊन गेलाय त्या एच५एन१ने मरत नाहीत, पण विषाणू बाहेर टाकत राहतात. एच९एन२ आपल्याकडच्या पोल्ट्रीतही आहे, त्यामुळे "कोंबड्या मरत नाहीत म्हणजे काही नाही" यावर मी कधी विसंबून राहणार नाही.

हाँगकाँगने पुढे नुसतं मारणं चालू ठेवलं नाही. बदकं आणि हंस कोंबड्यांच्या बाजारातून वेगळे केले, लाव्हे विकायला बंदी घातली, महिन्यातून ठरलेल्या दिवशी सगळा बाजार रिकामा करून धुवायची सक्ती केली. लसही असते. चीन कोंबड्यांना लस देतो, फ्रान्सने २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. भारतात एच९एन२च्या लसीला परवानगी आहे, ती भोपाळमध्येच तयार झाली, पण एच५च्या लसीला नाही. सरकारचं म्हणणं, लस दिली की रोग झाकला जातो आणि निर्यात अडते. रोग झाकला जाण्याची भीती खरी आहे, वर एच९एन२चं बघितलंच आपण. पण माझ्या मते यावर आपल्याकडे मोकळी चर्चा व्हायला हवी, ती होत नाही.

दरवेळी पेपरवाले लिहितात परदेशी पक्ष्यांनी रोग आणला आणि दरवेळी मरतात आमच्या कोंबड्या. २००६ ला आमच्या भागातले धंदे बसले, लोकांनी चिकन खायचं सोडलं, भरपाईत अर्धं पण भरून निघालं नाही. खरा दोष कुणाचा ते एकदा सांगा. (लेअर फार्मवाले, नवापूर तालुका)

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी सांगतो, भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा जाहीर झाला तो नवापुरात, १८ फेब्रुवारी २००६ ला. नंदुरबार जिल्हा, गुजरातची हद्द अशी चिकटून की रेल्वे स्टेशन अर्धं या राज्यात अर्धं त्या. सुरुवातीला मर लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं मानमोडी आहे, म्हणजे राणीखेत, आणि वाटणारच, दोन्हींत कोंबडी तशीच मान टाकते. भोपाळचा रिपोर्ट आला आणि मग काही लाख पक्षी मारून पुरले. २०२१ ला नवापूर परत सापडलं.

आता दोषाचं. रानटी बदकं सौम्य एच५ आणि एच७ बाळगून असतात हे वेबस्टरच्या कामातूनही दिसलं, त्यामुळे पक्षी अगदीच निर्दोष असं म्हणता येणार नाही. पण सौम्यचा जीवघेणा होतो तो कुठे? १९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एप्रिलमध्ये कोंबड्यांत एच५एन२ आला, थोडी सर्दी, थोडी अंडी कमी. लोकांनी चालवून घेतलं. तो शेडमधून शेडमध्ये फिरत राहिला आणि ऑक्टोबरमध्ये तोच विषाणू शेडच्या शेड झोपवायला लागला. १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले. वेबस्टर आणि त्याच्या लॅबमधल्या योशिहिरो कावाओकाने एप्रिलचा आणि ऑक्टोबरचा विषाणू शेजारी ठेवून तपासला तर अगदी किरकोळ बदल, पण एचच्या नेमक्या जागी. हे एच प्रोटीन कापलं गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य विषाणूत ते कापणारी एन्झाइम फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत मिळतात, म्हणून आजार तिथेच राहतो. एप्रिलच्या विषाणूत कापायची जागा एका साखरेच्या रेणूने झाकलेली होती, ऑक्टोबरच्यात ते झाकण उडालं, मग शरीरातली कुठलीही पेशी त्याला कापून द्यायला तयार. मेंदू, हृदय, सगळीकडे. तुरा निळा पडतो तो त्यामुळेच.

हा बदल तळ्यावरच्या बदकात झाला तर त्याचा विषाणूला विशेष फायदा नाही. पण एका छपराखाली तीसचाळीस हजार, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या कोंबड्या असल्या तर यजमान मेला तरी बिघडत नाही, शेजारच्या पिंजऱ्यात दुसरा तयार. आजचा एच५एन१ पण १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमधल्या पाळीव हंसांत पहिल्यांदा सापडला. २००५ च्या मेमध्ये किंघाई तलावावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब सगळ्यात जास्त, तेच पट्टकादंब जे हिमालयावरून उडून आपल्याकडे येतात. जगभर ओरड झाली की पक्षी रोग पसरवतायत. तो विषाणू तपासला तर दक्षिण चीनच्या पोल्ट्रीतल्या विषाणूंचा जवळचा नातेवाईक. म्हणजे पोल्ट्रीने आधी तो रानटी पक्ष्यांना दिला. हेही खरं की तिथून पुढे पक्ष्यांनी तो लांब नेला, आणि नवापूरचा विषाणू त्याच किंघाईच्या घराण्यातला होता. दोन्ही बाजूंनी रहदारी आहे.

पण तळ्यापासून शेडपर्यंतचं शेवटचं अंतर पक्षी सहसा स्वतः येऊन पार करत नाही. ते पार करतात न धुतलेले क्रेट, अंड्यांचे ट्रे, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या की त्या टोकरणारे कावळे, या फार्मवरून त्या फार्मवर जाणारी कोंबडखताची गाडी, आणि मर लागली की पटकन स्वस्तात माल काढून टाकायची घाई. या घाईसाठी मी तुम्हाला दोष देणार नाही, कारण नियमच तसा आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. जो माणूस पहिल्याच दिवशी फोन करतो त्याचा निदान उरलेला लॉट मोजला जातो, पण त्याच्यामुळे एक किलोमीटरच्या आतल्या शेजाऱ्यांच्या कोंबड्याही जातात आणि पुढे गावात त्याचं तोंड कुणी बघत नाही. अशात फोन कोण करणार? पाळत ठेवायची तर आधी कळवणाऱ्याचं नुकसान होता कामा नये, ही साधी गोष्ट आपल्या योजनांत बसत नाही. परदेशी पक्ष्याचं नाव घेतलं की हे सगळं बोलायची गरजच पडत नाही, म्हणून ते नाव घेतलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोरेवाड्याचे वाघ बर्ड फ्लूने गेले म्हणतात. वाघाला पक्ष्यांचा रोग कसा? मग उद्या माणसाला? (वाचक, नागपूर)

डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेला आणि भोपाळच्या तपासणीत एच५एन१ निघाला. हे पहिल्यांदा झालेलं नाही, २००४ मध्ये थायलंडच्या एका प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाऊन वाघांत असाच उद्रेक झाला होता आणि शंभराहून जास्त वाघ गमवावे लागले. मांजरकुळाला हा विषाणू फार सोसत नाही. शिजवलेल्या मांसातून काही होत नाही, कच्च्यातून होतं, तेव्हा घरच्या मांजराला पण कच्चं चिकन नको.

माणसाचं असं आहे की पक्ष्यांच्या विषाणूला पेशीवर चिकटायला एका प्रकारचा हुक लागतो, तो आपल्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसाच्या खोल भागात जास्त असतो. त्यामुळे लागण सहज होत नाही, पण झाली तर ती खोलवर, न्यूमोनियासारखी. २००३ पासून जगभरात एच५एन१च्या ९०० हून जास्त केसेस नोंदल्या गेल्या, त्यातली जवळपास निम्मी माणसं गेली. भारतात पहिला मृत्यू २०२१ मध्ये, हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा, दिल्लीत. सौम्य एच९एन२ची भारतातली पहिली मानवी केस आपल्या मेळघाटातली, २०१९, १७ महिन्यांचं बाळ, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) ओळखली, बाळ बरं झालं. माणसाकडून माणसाला सरसकट पसरणं अजून सुरू झालेलं नाही. २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये हा विषाणू फिरतोय, त्याने मात्र या विषयातले मुरलेले लोकही चमकले, कारण गाय कुणाच्या यादीतच नव्हती.

मेडिकल स्टोअर चालवतो. पक्ष्यांच्या या संशोधनातून एखादं औषध-बिषध निघालं का, की नुसते पेपर? (पणजी)

निघालं की! १९७५ मध्ये लेव्हरला ग्रेट बॅरियर रीफवरच्या नॉडी नावाच्या सुरय पक्ष्यात एक विषाणू मिळाला, एच११एन९. त्याच्या एन प्रोटीनचे स्फटिक इतके सुंदर आणि मोठे बनायचे की एक्सरेने त्याची रचना बारकाईने बघता आली. एनची काम करायची जागा सगळ्या फ्लू विषाणूंत जवळपास सारखीच असते, तेव्हा त्या खाचेत नेमका बसेल असा रेणू ऑस्ट्रेलियातल्या पीटर कोलमन आणि मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या टीमने घडवला, तो झानामिविर, म्हणजे रिलेन्झा हे फ्लूचं औषध. तुमच्या कपाटात असलेलं ऑसेल्टामिविर त्याच वाटेने मागून आलं. चिठ्ठीशिवाय देऊ नका तेवढं.

अंडी-चिकन खायचं का नाही, एका शब्दात सांगा. (आजी, कराड)

खा, आजी. नीट शिजवून. ७० अंशाला विषाणू मरतो, आपली आमटी शंभराला उकळते. हाफ फ्राय मात्र साथ असेल त्या भागात टाळा, आणि कच्चं चिकन हाताळून तेच हात न धुता कोशिंबीर चिरायला घेऊ नका.

मला या विषयात काम करायचंय. बीएस्सीनंतर काय? घरचे म्हणतात कोंबड्यांच्या मागे फिरायला शिकवलं का तुला. (विद्यार्थी, उदगीर)

तुझ्याच गावात २०२५ च्या जानेवारीत कावळे मेले आणि एच५एन१ निघाला, तेव्हा विषय घरच्यांना आता तितका लांबचा वाटत नसेल. दोन वाटा आहेत. एक, मायक्रोबायोलॉजी किंवा व्हायरॉलॉजीत एमएस्सी करून पुण्याच्या एनआयव्हीसारख्या संस्थेत पीएचडीला प्रयत्न करणं, तिथे सहसा आधी नेटची परीक्षा काढावी लागते. दोन, बारावीनंतरच पशुवैद्यकीय पदवी घेऊन त्यात मायक्रो किंवा पॅथॉलॉजी, तुझ्या गावात कॉलेज आहेच, पण बीएस्सीला बसला असशील तर ही वाट आता लांबची. पक्ष्यांवर काम करणाऱ्या टीमला दोन्ही प्रकारची माणसं लागतात, शिवाय सिक्वेन्सचा डेटा वाचणारी, त्यामुळे कोडिंग थोडं तरी शिकून घे. आणि तोपर्यंत कॉलेजच्या सरांना सांगून लसीचा विषाणू अंड्यात वाढवायचं प्रॅक्टिकल बघायला मिळतं का ते विचार, दिव्यासमोर शीर चुकवून सुई घालायचा हात बसायला वेळ लागतो आणि सुरुवातीची बरीच अंडी वाया जातात.